सांगली-मिरजेत जुन्या रेकॉर्डी कशा शोधायच्या: नवख्यांसाठी

‘येथे रेकॉर्डी मिळतील’ अशी पाटी शोधत सांगलीत फिरू नका. हरभट रोड, मारुती रोड, गणपती पेठ, विश्रामबाग, मिरजेतलं लक्ष्मी मार्केट, सगळं पालथं घालूनही तसली पाटी मला आजवर दिसलेली नाही. कॅसेटची दुकानं होती, तिथं आता मोबाइलची कव्हरं लटकतात. तरीही माझ्या घरात आज साडेतीनशेच्या वर रेकॉर्डी आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त याच दोन गावांत मिळाल्या. ज्यांच्याकडून आल्या त्यातलं कोणी रेडिओ दुरुस्त करतं, कोणी रद्दी घेतं, कोणी लग्नात स्पीकर लावतं. त्यांच्या दुकानात, कुठल्या तरी फळीखाली, एक गठ्ठा असतो. तो गठ्ठा म्हणजेच आपलं दुकान.

मुंबईत काळ्या घोड्याला रिदम हाऊस होतं. २०१६ साली ते बंद झालं तेव्हा हळहळलेली माणसं सांगलीतही होती. तिथं सगळं ओळीनं लावलेलं असायचं. शास्त्रीय इकडं, सिनेमा तिकडं. आपल्या गठ्ठ्यात तसं काही नाही. बालगंधर्वांच्या खाली भीमगीतं, त्याखाली इंग्रजी नाचाची धून, त्याखाली सत्यनारायणाची कथा. मला हेच आवडतं. पुढं काय येणार ते दुकानदारालाही माहीत नसतं.

आधी हातात काय आहे ते ओळखा

रेकॉर्ड तीन प्रकारची भेटते. पहिली ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. जाड, जड, बहुतेक वेळा दहा इंची. एका बाजूला एकच गाणं, तेही तीन-सव्वातीन मिनिटांचं. ही लाखेची असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवर किडे जी लाख करतात तीच लाख, तिच्यात दगडाची बारीक पूड आणि काजळी. लाखेच्या बांगडीसारखाच हिचा स्वभाव: वाकत नाही, पडली की तुकडे. भारतातलं पहिलं ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला झालं आणि पुढं साठच्या दशकातही आपल्याकडं या रेकॉर्डी निघत होत्या. त्यामुळं गठ्ठ्यात त्याच जास्त सापडतात.

दुसरी एलपी. बारा इंची, मिनिटाला सव्वातेहेतीस-साडेतेहेतीसच्या मधले फेरे (नेमके ३३ आणि एक तृतीयांश), एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. ही विनाइल नावाच्या प्लॅस्टिकची, हलकी, थोडी लवते. अमेरिकेत १९४८ साली आली, आपल्याकडं नंतर. तिसरी ईपी: सात इंची, ४५ फेऱ्यांची, बहुधा एका बाजूला दोन गाणी. मराठी भावगीतं, लावण्या, अभंग यांचा मोठा साठा या छोट्या तबकड्यांवर आहे. नवखी माणसं तिला खेळणं समजून बाजूला टाकतात. तसं करू नका. मराठी ऐकायचं असेल तर माझ्या मते सुरुवात ईपीपासूनच करावी.

यंत्र घेताना

रेकॉर्ड आधी की यंत्र आधी, असं बरेच जण विचारतात. यंत्र आधी. नाहीतर शंभर रेकॉर्डी जमतात आणि एकही ऐकलेली नसते.

सुरुवातीला एचएमव्हीचा जुना पेटीसारखा प्लेअर, फिएस्टा किंवा कॅलिप्सो, चालू स्थितीत मिळाला तर पुरेसा आहे. आतलं रबर कडक झालेलं असतं, पट्टा सैल पडलेला असतो, ही दुरुस्ती जुन्या रेडिओवाल्यांना येते. घेण्याआधी एक परीक्षा जरूर करा. शास्त्रीय गाण्याची एखादी रेकॉर्ड लावा आणि गायकाकडं लक्ष न देता मागच्या तंबोऱ्याकडं कान द्या. यंत्राची गती स्थिर असेल तर तंबोरा सरळ उभा राहतो. गती हलत असेल तर तो पाण्यावरच्या सावलीसारखा डुलतो. गायकाच्या आवाजात हा दोष मिंड आणि गमकांत, म्हणजे सूर ओढण्या-हलवण्यात लपतो, तंबोऱ्यात लपत नाही.

७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईवर वाजवू नका. तिची खाच रुंद असते, तिला जवळजवळ तिप्पट जाड टोकाची सुई लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घसरत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. जुन्या प्लेअरच्या सुईला दोन तोंडं असतात, फिरवून घ्यायची. नव्या प्लेअरला वेगळी सुई विकत घ्यावी लागते.

याच्या उलटी चूक फार महाग पडते. चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही, गंमत म्हणूनही, लावू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या गोल डबीचा, शंभर ग्रॅमहून जास्त भार सुईच्या टोकावर येतो. एलपीला दोन-चार ग्रॅम पुरतात. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी वडिलांची नाट्यपदांची एलपी तशी लावली. अर्ध्या मिनिटात सुईपाशी काळ्या लोकरीसारखा भुगा जमला. झटकन उचललं, पण पहिल्या पदाची सुरुवात गेली ती गेलीच. वडील काही बोलले नाहीत. ती रेकॉर्ड मी अजून ठेवली आहे, आणि पहिला अर्धा मिनिट सोडून सुई ठेवतो.

चावीचा ग्रामोफोन घ्यायचाच असेल तर पितळी कर्ण्याच्या चकचकीत यंत्रांपासून सावध राहा. प्रदर्शनांत आणि शोभेच्या वस्तूंच्या दुकानांत दिसणारी पुष्कळशी यंत्रं अलीकडं सुटे भाग जोडून केलेली असतात. पेटीवर कुत्र्याच्या चित्राची पितळी पट्टी ठोकलेली असते, म्हणून ती जुनी ठरत नाही. कर्णा नसलेलं, झाकणाचं, काळ्या कापडाचं पेटीयंत्र दिसायला साधं, पण खरं निघण्याची शक्यता जास्त.

गठ्ठा कुठं असतो

आपला मुलूख या बाबतीत श्रीमंत आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं तिथून ही नाट्यपंढरी झाली. नाटककार देवल इथल्याच हरिपूरचे. मास्टर दीनानाथ आपल्या बळवंत संगीत मंडळीसह सांगलीत राहिले, आशा भोसले १९३३ साली सांगलीत जन्मल्या. ज्या गावात नाटक घराघरात होतं तिथल्या माळ्यांवर नाट्यपदांच्या तबकड्या निघाल्या तर नवल नाही. गावभागात जुना वाडा पाडून अपार्टमेंट होणार असं कळलं की मी ओळखीपाळखीनं निरोप धाडतो: माळा रिकामा करताना काळ्या चकत्या दिसल्या तर टाकू नका, मी येऊन बघतो. दहा निरोपांतला एखादाच फळतो. तेवढा पुरतो.

पण माझा सगळ्यात आवडता ठिकाणा वेगळाच आहे: गावोगावचे लाऊडस्पीकरवाले. तासगाव, पलूस, वाळवा, कवठेमहांकाळ या भागात पन्नास-साठ वर्षांपूर्वी लग्न, जत्रा, गणपती काहीही असो, झाडावर भोंगा आणि खाली रेकॉर्डी. हे लोक रेकॉर्डला ‘तवा’ म्हणतात. ‘तवे हायत का अण्णा?’ असं विचारलं की समोरचा माणूस एकदम आपला होतो. लोखंडी पत्र्याच्या पेटीत, मधल्या भोकात दोरी ओवून बांधलेले तवे निघतात. खूप वाजलेले, जत्रेची धूळ खाल्लेले. म्हणून आवाजाच्या बाबतीत अपेक्षा थोडी कमी ठेवावी. मात्र त्या पेटीत जे असतं ते शहरातल्या दिवाणखान्यात कधी आलंच नाही. लावण्या, वगांचे तुकडे, भीमगीतं, खंडोबाची, बिरोबाची गाणी. लावणीकार पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष याच वाळवा तालुक्यातलं. इथल्या पेट्यांत लावणी एवढी का, हे त्या रस्त्यानं गेलं की कळतं.

मिरजेत सतारमेकर गल्लीत जा. तिथं रेकॉर्डी विकायला नसतात, पण चार पिढ्या तंबोरे आणि सतारी करणाऱ्या या माणसांना कोणाच्या घरी गाण्याचा षोक होता, कोणाकडं कुठल्या बुवांचं येणंजाणं होतं, हे तोंडपाठ असतं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं आता बघायला येणारे वाढलेत. कामाच्या वेळी भोपळ्याशी बसलेल्या माणसाला प्रश्नांनी हैराण करू नका. दुपारच्या चहाच्या सुमारास जा.

रद्दीवाले आणि भंगारवाले यांच्याकडं नशिबाचा भाग जास्त. विनाइल वितळवायला जातं आणि लाखेच्या रेकॉर्डी फुटून पडतात, म्हणून तिथं आधी सांगून ठेवणं महत्त्वाचं.

बाहेर जायचं तर पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, मुंबईत चोरबाजार. दोन्हीकडं माल खूप, दुकानदार जाणकार, आणि भावही जाणकारांचे. पहिली पन्नास रेकॉर्डी आपल्या भागात चाळून मगच तिकडं जा, असं मी सांगेन. तोवर हाताला वजन कळू लागतं.

दुकानात शिरताना

मिरजेतल्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी पहिल्यांदा गेलो ते असं:

“काय बघालाय?”

“चाचा, जुन्या रेकॉर्डी असतात का तुमच्याकडं?”

“आता कुठल्या रेकॉर्डी! सगळ्या गेल्या.”

मी परत आलो. पुढच्या महिन्यात घरातला बंद पडलेला ट्रान्झिस्टर घेऊन गेलो. तो न्यायला गेलो तेव्हा बोलता बोलता त्यांनी विचारलं, “त्या दिवशी रेकॉर्डी विचारत होता ते तुम्हीच ना?” आणि मग तिसऱ्या खेपेला:

“त्या फळीखाली बघा. हात काळे होतील.”

एवढ्यासाठी तीन खेपा, असं कोणाला वाटेल. पण चाचांच्या बाजूनं बघा. रेकॉर्डी आहेत का विचारणारे दोन प्रकारचे येतात. एक, भिंतीवर टांगायला चकत्या हव्या असणारे. दोन, फोनवर फोटो काढून भाव शोधणारे. ऐकणारा माणूस आला आहे हे कळायला वेळ लागतो. पहिल्याच भेटीत गठ्ठ्याचे फोटो काढू नका. दुकानात गिऱ्हाईक असेल तर बाजूला उभं राहा. आणि काही मिळालं नाही तरी ‘येतो चाचा’ म्हणून निघा, नुसते निघून जाऊ नका.

गठ्ठा चाळणं

दोन तास हाताशी ठेवा. अर्ध्या तासात उरकायचं असेल तर त्या दिवशी जाऊच नका. पिशवीत एक छोटी विजेरी, मलमलचा तुकडा, पेन्सिल, वही आणि वर्तमानपत्रांचे ताव असू द्यात.

खाली बसा. उभ्यानं चाळताना हात थकतो आणि थकलेला हात रेकॉर्ड सोडतो. आडव्या रचलेल्या गठ्ठ्यातून मधलीच ओढू नका, वरच्या वजनानं खालची तडकते. वरून एकेक उचलायची, दोन्ही तळव्यांत कडेनं धरायची, बघायची, शेजारी दुसरा गठ्ठा करत जायचं. बोटं खाचांवर टेकवायची नाहीत.

बघायचं काय? विजेरी समोरून मारू नका, बाजूनं, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरा. उतरत्या उन्हात शेताची नांगरट जशी उठून दिसते तशा खाचा दिसतात. त्या काळ्याभोर आणि चकचकीत असतील तर रेकॉर्ड कमी वाजलेली. राखाडी, मिटमिटीत दिसत असतील तर सुईनं खाचा खाल्ल्या आहेत आणि मोठ्या सुराला आवाज फाटणार. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. ती बहुतेक धुतल्यावर जाते, तिला घाबरू नका. ओरखड्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडत नसेल तर नुसती टिकटिक होईल, अडत असेल तर सुईही अडेल आणि गाणं एकाच ठिकाणी फिरत राहील. कडेचा टवका पहिल्या खाचेच्या बाहेर असेल तर खुशाल घ्या.

७८ च्या रेकॉर्डला आणखी एक परीक्षा आहे. मधल्या भोकात बोट घालून ती लटकवा आणि कडेवर बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारा. अखंड असेल तर स्वच्छ नाद येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असेल तर आवाज बद्द येतो, मडकं घेताना बाजारात आपली आई वाजवून बघायची तसाच. ही टिचकी अगदी हळू मारायची आणि खाली मांडी असू द्यायची.

आता लेबल. इथं घाई करू नका, चाळण्याचा खरा आनंद इथंच आहे. गायकाचं नाव, खाली राग किंवा नाटकाचं नाव, कुठं कुठं तालही. जुन्या लेबलांवर बायकांच्या नावापुढं कंसात ‘हौशी’ या अर्थाचा शब्द छापलेला दिसेल. गाणं हा आपला पेशा नाही, आपण घरंदाज आहोत, हे त्या एका शब्दातून लोकांना सांगावं लागायचं. असं लेबल हातात आलं की मी थोडा वेळ तसाच बसतो. १९०२ नंतरच्या पहिल्या काही वर्षांच्या रेकॉर्डींवर तर गाण्याच्या शेवटी गायक किंवा गायिका स्वतःचं नाव पुकारतात. ध्वनिमुद्रण इथं व्हायचं, पण १९०८ साली कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळावं म्हणून ही सोय.

एलपीवर क्रमांकाकडं बघा. एचएमव्हीच्या भारतीय एलपीवर ‘ईसीएलपी’ असेल तर ती मोनो, ‘ईसीएसडी’ असेल तर स्टिरिओ. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीतही कोरलेला क्रमांक असतो. लेबल फाटलं असेल तर तो वहीत उतरवून घ्या, नंतर गाणं ओळखायला कामी येतो.

कव्हरवर कधीही विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत रेकॉर्डी आपापली कव्हरं बदलत आलेल्या असतात. फळीखालच्या त्या गठ्ठ्यात मला एक खाकी कागदी पाकीट मिळालं, त्यावर हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डची जाहिरात. मी ते बाजूला ठेवणारच होतो. सवयीनं आतली रेकॉर्ड दोन बोटं बाहेर काढली. लेबल धुळीनं करडं झालं होतं. मलमल तोंडाच्या वाफेनं ओलसर केली आणि मधून बाहेर, कागद न घासता, टिपत गेलो. आधी ‘ओडियन’ हे कंपनीचं नाव दिसलं. मग ‘खाँ’. मग हळूहळू सगळं नाव: अब्दुल करीम खाँ.

किराणा घराण्याचे हे मोठे गवई. १९३७ साली खाँसाहेब गेले आणि मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं. दर वर्षी उरुसात तिथं गवई हजेरी लावतात. मी ज्या फरशीवर बसलो होतो तिथून दर्गा चालत पाच-सात मिनिटांवर. चाचांना लेबल दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रेकॉर्ड डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “इथंच होती होय ही!”

उलटून बघितली. प्रत्येक रेकॉर्ड उलटून बघायचीच. कंपनीनं वरची बाजू खपेल म्हणून निवडलेली असते, दुसऱ्या बाजूला पुष्कळदा गायकाला स्वतःला जे गावंसं वाटलं ते असतं असं मला ऐकताना वाटत आलंय. घासलेली असते तीही बहुधा पहिलीच बाजू. दुसरी कोणी फारशी लावलेली नसते, ती जवळजवळ कोरी मिळते.

भाव

थोडक्यात सांगतो. आधी काय ऐकायचंय ते वेगळं काढा, मग विचारा. इंटरनेटवरचा भाव तोंडावर फेकू नका, तो तुमच्या फायद्याचा असो की दुकानदाराच्या. फुटकी, घासलेली रेकॉर्ड केवळ नाव मोठं म्हणून घेऊ नका. ती वाजणार नाही. आणि एखादी खरोखर दुर्मीळ चीज हाती लागली तर दुकानदाराला तसं सांगा. खाँसाहेबांच्या रेकॉर्डला चाचा बाकीच्यांइतकेच पैसे मागत होते. मी जास्त दिले. ते नको म्हणत होते. मला ते तसेच योग्य वाटले.

घरी नेताना

रेकॉर्डींच्या मध्ये वर्तमानपत्राचा ताव, वर-खाली पुठ्ठा, सैल दोरी. मिरज-सांगली बसमध्ये गठ्ठा मांडीवर उभा धरा, वरच्या फळीवर टाकू नका. विनाइल दुचाकीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. एप्रिलमध्ये अर्ध्या तासात तिची पुरी होते आणि ती परत सरळ होत नाही.

धुणं आणि ठेवणं

विनाइल धुवायला डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचा एखाद-दुसरा थेंब, मऊ कापड. खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं नाही, आणि लेबल कोरडं ठेवायचं. शेवटी नुसत्या पाण्यानं पुन्हा एकदा.

७८ साठी मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही वापरू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, सुतार पॉलिशसाठी नेमकं तेच करतात. विनाइलसाठी बाजारात मिळणाऱ्या द्रवांतही ते असू शकतं. ओलसर कापडानं पुसून लगेच कोरडं करणं एवढंच पुरे.

ठेवायच्या त्या उभ्या, पुस्तकासारख्या, सरळ. तिरक्या ठेवल्या की वाकतात. आणि सांगलीकरांनी खालच्या कप्प्यात ठेवू नयेत. हे मी अनुभवानं सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा एका मित्राच्या आईच्या रेकॉर्डी तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही कपाट उघडलं. कव्हरांचा लगदा झाला होता, सगळ्या एकमेकींना चिकटून चिखलाची एकच वीट. मावशी म्हणाल्या, “टाक रे, काय राहिलंय त्यात.”

टाकल्या नाहीत. पूर आलाच कधी तर हे लक्षात ठेवा: चिखल वाळू द्यायचा नाही, कारण वाळलेला गाळ सँडपेपरसारखा काम करतो आणि पुसताना खाचा खरवडतो. एलपी आणि ईपी स्वच्छ पाण्याच्या टबात एकेक सोडल्या, गाळ आपोआप सुटू दिला, मग बोटांच्या टोकांनी, मग मऊ ब्रशनं. भांड्यांच्या रॅकमध्ये ताटांच्या जागी उभ्या लावून पंख्याखाली वाळवल्या. कव्हरं गेली, लेबलं फिकटली, पण विनाइलची बहुतेक वाचली. ७८ मधल्या काही थरांच्या होत्या, आत पुठ्ठ्यासारखा गाभा असलेल्या. त्या पाणी पिऊन फुगल्या आणि सुटल्या. त्यांचं काहीच करता आलं नाही. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मावशींच्या रेकॉर्डी वरच्या मजल्यावर होत्या.

पावसाळाभर कपाटात हवा खेळती ठेवा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका. कागदी पाकिटं घरी शिवता येतात.

ऐकणं

चावीच्या यंत्रावर पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवी घालायची. कंजुषी करू नका. रेकॉर्डमधली दगडाची पूड पिनेचं टोक घासून खाचेच्या आकाराचं करते, तशीच ती रचना आहे. एका बाजूच्या शेवटी ते टोक छिन्नीसारखं होतं आणि तीच पिन पुन्हा लावली की ते खाच कापतं. पिनांची पत्र्याची डबी मिळते, तिच्यात साधारण दोनशे असतात. वापरलेल्या दुसऱ्या डबीत टाका, मिसळू देऊ नका.

खाँसाहेबांची रेकॉर्ड मी त्या रात्री लावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, रस्त्यावर गाड्यांचा आवाज सुरू व्हायच्या आत लावली. आधी खरखर, मग तिच्या आतून तंबोरा, मग आवाज. तीन मिनिटांत राग मांडून मोकळं व्हायचं ही त्या काळच्या गवयांना घातलेली अटच होती; पहिल्याच सुरात सगळं सांगायला लागायचं. स्वयंपाकघरातून आईनं विचारलं, “कोण गातंय?” उत्तर देईपर्यंत बाजू संपली. उठलो, पिन बदलली, रेकॉर्ड उलटली आणि चावी भरली.